भावाच्या वाट्याचा ढावलो

भारत राठोडनं आयुष्यात एकच गाणं केलं. ते टीव्हीवर चाळीस सेकंद वाजलं, आणि त्याबद्दल टीव्हीवर जे सांगितलं गेलं त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. त्या खोट्याची सुरुवात माझ्या तोंडून झाली. तेव्हा हे मीच लिहिलेलं बरं. दुसरं कोणी लिहील तर माझी बाजू घेईल, आणि माझी बाजू घेण्यासारखी नाही.

भारत घाटंजीत बसस्टँडच्या मागे मोटार वायंडिंग करायचा. जळालेला पंप उघडायचा, आतली काळी पडलेली तार ओढून काढायची, नव्या तांब्याच्या तारेची वेटोळी मोजून भरायची, वरून वार्निश चढवायचं. मी सांगतोय ते दोन हजार सहा साल. लोडशेडिंग दिवसाला बारा-चौदा तास. वीज यायची तीही इतकी मरतुकडी, की मोटारी धडाधड जळायच्या. त्यामुळे आधी त्याचा धंदा तेजीत होता. मग कापसानं सगळ्यांनाच आडवं केलं, आणि लोक जळालेली मोटार आणून टाकायचे ते परत न्यायलाच यायचे नाहीत. खडूनं नावं लिहिलेल्या मोटारी दुकानात रांगेनं पडलेल्या असत. मागच्या खोलीत एक खाट आणि एक स्टोव्ह. तो तिथंच राहायचा, एकटा.

माझं नाव स्वानंद. वडील तहसीलमध्ये नाझर, आजोबा तलाठी, काका कोषागारात. सरकारी टेबलाला चार पाय असतात ते आमच्याच घरातले, असं आई म्हणायची. मी अमरावतीच्या इंजिनियरिंग कॉलेजात पाच विषयांत गटांगळ्या खाऊन घरी आलो होतो. सोबत एक बास गिटार आणि सीडींचा डबा. वडिलांनी विचारलं, हे कोणतं संगीत? म्हटलं, अल्टरनेटिव्ह रॉक. म्हणजे? म्हटलं, रॉकच, पण उदास. वडील म्हणाले, "त्यासाठी सीडी कशाला आणल्या? घरात काय कमी होतं?"

माझा ॲम्प्लिफायर जळाला म्हणून मी भारतकडे गेलो, आणि पाहतो तर भिंतीवर गिटार. साधीच, लाकडी, नागपूरहून जुनी आणलेली. पण तारांखाली त्यानं स्वतः गुंडाळलेलं एक वेटोळं बसवलं होतं, तारांची थरथर विजेत उतरवणारं. मोटारीचीच बारीक तार, स्पीकर फोडून काढलेलं चुंबक, आणि सात-आठ हजार फेरे. फेरे मोजताना एकदा चूक झाली म्हणून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळलं, असं तो म्हणाला. विकतचं यंत्र इतकं रडत नाही, इतकी ती गिटार रडायची.

मी त्याला सीडी ऐकवली. आधी हळू, पुटपुटल्यासारखं. मग एकदम सगळं फाटून बाहेर येणारं. तो मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "हे तं आमच्या तांड्यातल्या बायकायसारखं आहे. हळूहळू, आन मंग एकदम."

मी हसलो. मला वाटलं, गंमत करतोय.

आता जे मला फार उशिरा कळलं ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही तरी माझ्यासारखे आंधळे राहणार नाही. भारतचा तांडा घाटंजीपासून अकरा किलोमीटरवर. बंजाऱ्यांमध्ये मुलगी सासरी निघाली की ती एकेकाच्या गळ्याला मिठी घालून गात रडते. आईला वेगळं, बापाला वेगळं, भावाला वेगळं. त्या रडण्याला ढावलो म्हणतात. भारतची धाकटी बहीण अंजू, दोन हजार पाचच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. त्याच्या आदल्या दिवशी हा पठ्ठ्या ती जुनी गिटार आणायला नागपूरला गेला. विकणारा भेटला नाही, हा थांबला, शेवटची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी दुपारी तांड्यावर पोचला तेव्हा मांडवात फक्त खुर्च्या होत्या. भावाची पाळी आली तेव्हा अंजूनं इकडंतिकडं पाहिलं, आणि भावाच्या वाट्याचा ढावलो मांडवाच्या खांबाला धरून म्हटला. त्यानंतर ती भारतशी बोलली नाही. माहेरी आली तर त्याला पाणी द्यायची आणि आत जायची. राखी नाही, निरोप नाही.

ते गाणं तिच्यासाठी होतं. बहिणीनं खांबाला सांगितलं ते सगळं आपण ऐकलं आहे, एवढंच त्याला तिला कळवायचं होतं. आईकडून, मावशीकडून विचारून विचारून तिनं म्हटलेल्या ओळी त्यानं गोळा केल्या होत्या, आणि त्या तिला परत म्हणत होता. त्यांच्यात पुरुष ढावलो म्हणत नाही. तोंडानं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून बहुधा त्यानं इतका मोठा आवाज करणारी गिटार मधे घेतली.

यातलं आम्हाला काही ठाऊक नव्हतं. आम्ही म्हणजे मी, आणि आमच्या गल्लीतला नंदकिशोर, जो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड बडवायचा. बँडचं नाव 'थ्री फेज'. सराव वीज असेल तेव्हा, भारतच्याच दुकानात. गाणं पूर्ण गोर बोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, आम्हाला त्यातला शब्द कळत नव्हता. पाच महिने आम्ही त्या गाण्यावर घासलो. ठेका कुठं तोडायचा, बास कुठं शिरायचा यावर हातघाईवर आलो. पण अरे, तू गातोस काय, हे पाच महिन्यांत मी एकदाही विचारलं नाही. तो दिवसभर आमची भाषा बोलायचा, गिऱ्हाइकांशी मराठी, मोटार घेऊन येणाऱ्या मुकादमाशी हिंदी. त्याचीही एक भाषा आहे आणि ती बोलायला त्या दुकानात कोणीच नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. शब्द छान वाजतात म्हणून मी खूश होतो.

एकदा सराव संपल्यावर तो आपणहून म्हणाला, "स्वानंदभाऊ, या गाण्यात एक गोष्ट आहे."

मी म्हटलं, "गोष्ट राहू दे, दुसऱ्या कडव्यात तू घाई करतोस."

"बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

रेकॉर्डिंग यवतमाळला किसनरावांच्या स्टुडिओत झालं. तिथं भजनं आणि निवडणुकीच्या जाहिराती निघायच्या. भारतची गिटार फाटली की किसनराव धावत आत यायचे, "थांबा, थांबा, स्पीकर गेला!" तो फाटका आवाजच पाहिजे आहे, हे त्यांना पटवायला अर्धा तास गेला. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "बाबाहो, सीडीवर माझं नाव टाकू नका." पन्नास सीड्या काढल्या. त्यातली एक भारतनं वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवली. बहिणीच्या तांड्याकडं जाणारं कोणी भेटलं तर पाठवायची होती. पाठवायची हिंमत झाली नाही, ती तिथंच राहिली.

पहिला कार्यक्रम दुर्गोत्सवात, आमच्याच मंडळाच्या स्टेजवर. आधी गरबा झाला होता, लोक घामेजलेले आणि खुशीत. आम्ही सुरू केलं. पहिल्या मिनिटाला शांतता. मला वाटलं जिंकलं. मग मागून कोणीतरी ओरडलं, "बे, देवीचं लाव ना!" मग शिट्या. अध्यक्षांनी हातानं कात्री दाखवली. आम्ही गाणं पुरं केलं, पण शेवटी समोर खुर्च्याच होत्या.

एक बाई तेवढी उभी होती. तानाबाई, मजुरीला येणारी म्हातारी, बंजारा. पदर तोंडावर धरून ढसाढसा रडत होती. ती स्टेजजवळ आली, भारतच्या हाताला धरून त्यांच्या बोलीत खूप काही बोलली. भारत मान हलवत होता. मी त्याला इतका मोकळा आधी पाहिला नव्हता. ते काय बोलले हेही मी विचारलं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं, म्हातारीच्या घरात कोणी मेलं असणार. म्हणजे हे मरणाचं गाणं.

मग डिसेंबर आला. त्या हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जिल्ह्यात टीव्हीच्या गाड्या कापसाच्या गाड्यांपेक्षा जास्त होत्या. दिल्लीचे, मुंबईचे, कुठले कुठले. वडिलांना त्यांची रेस्ट हाऊसची सोय करावी लागायची. त्यातल्या एका वार्ताहराला मी सीडी नेऊन दिली. स्वतः होऊन, न बोलावता. हे मान्य करतो.

दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा घेऊन दुकानात हजर. भारतचे हात वार्निशनं माखलेले. वार्ताहरानं त्याच्याकडून पहिलं कडवं गाऊन घेतलं, मागे त्या नावं लिहिलेल्या मोटारी. भारत कॅमेऱ्यापुढं लाजला, दोन शब्द बोलला आणि कामाला लागला. वार्ताहर मला बाहेर घेऊन आला. हिंदीत विचारलं, हे गाणं कशाचं?

"मातम का," मी म्हणालो. "इनके यहाँ मौत पे गाते हैं."

"किसकी मौत?"

"घरवालों में से ही कोई होगा."

"पिताजी किसान?"

"हाँ."

एवढंच. भारतचा बाप गेला असं मी म्हणालो नाही. पण त्याचा बाप आहे की नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. वर्षभराची ओळख आणि हे मला ठाऊक नव्हतं! तरी मी खडाखडा उत्तरं दिली, नाझराच्या पोराला शोभतील अशी.

संध्याकाळी साडेसातला ते लागलं. आम्ही पाहिलं नाही, कारण घाटंजीत वीज नव्हती. नागपूरहून मामाचा फोन आला: तुझा मित्र टीव्हीवर आहे, खाली लिहून येतंय, शेतकरी बापाच्या आत्महत्येनंतर मुलाचा आक्रोश. मामा म्हणाला, काय आवाज आहे रे, आम्ही सगळे रडलो.

मी आनंदानं भारतकडं धावलो. त्याला सांगितलं. तो स्टोव्हला पंप मारत होता. थांबला.

"माहा बाप?" तो म्हणाला. "माहा बाप तं कापूस येचून राह्यला वावरात."



सकाळी उजाडताच आम्ही माझ्या मोटारसायकलवर तांड्याला गेलो. मी पहिल्यांदा जात होतो. बातमी आमच्या आधी पोचली होती. हरिसिंग, भारतचा बाप, ओट्यावर बसला होता आणि दुसऱ्या तांड्याहून सांत्वनाला आलेली दोन माणसं त्याच्यासमोर अवघडून उभी होती. म्हातारा हसत होता. "मी मेलो म्हने टीव्हीवर," तो मला म्हणाला. "मंग आज कापूस कोन येचन? तो टीव्हीवाला येते काय?"

आई मानीबाई मात्र हसत नव्हती. तिनं भारतला त्यांच्या बोलीत काही विचारलं. त्यानं एक शब्द उत्तर दिलं. मला कळेल असं काही नव्हतं, पण माझ्याकडं कोणी पाहिलं नाही. म्हणजे त्यानं माझं नाव घेतलं नसावं.

"पह्यले फोन करतो त्यायले," भारत म्हणाला. "चुकीचं आहे म्हणतो." तांड्यात मोबाइलला रेंज नव्हती. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ मिळायची. तो माझा मोबाइल घेऊन पायी गेला. मी खाली थांबलो, मानीबाईनं दिलेला चहा घेऊन.

अकराच्या सुमारास तांड्याच्या तोंडाशी, बाभळीजवळ, एक रडणं उठलं. बाईचा आवाज, उंच, लांबवर ताणलेला, मधेच शब्द, मधेच हुंदका. ओट्यावरचे सगळे उभे राहिले. बायका घराघरांतून धावत निघाल्या. एक जण मला म्हणाला, "अंजू आली. भारतची बहीण. दिग्रसकडं देली आहे तिले."

मी तिला लांबून पाहिलं. हिरवं लुगडं, हातात एक पिशवी. बसमधून उतरून चालत आलेली. ती येत होती आणि रडत होती, आणि दोन्ही हात पुढं केलेले होते. मानीबाई तिच्याकडं गेली, तरी ती तिच्या गळ्यात पडली नाही. हरिसिंग पुढं झाला, जिताजागता, कापसाच्या काड्या लागलेला. त्याला पाहूनही तिचं रडणं थांबलं नाही. ती गर्दीत मान वळवून वळवून पाहत होती.

मला जे समजायचं ते समजलं. टीव्ही पाहून बापाच्या मयताला आली, बाप जिवंत दिसला, आता संतापानं आणि धक्क्यानं ही भान हरपली आहे, आणि ज्या भावानं हे केलं त्याला शोधते आहे. मी मोटारसायकलला किक मारली आणि टेकडी चढलो.

भारत टाकीच्या सावलीत उभा होता. चॅनेलवाला त्याला दुसरा नंबर देत होता, तिसरा देत होता. मी म्हटलं, "खाली येऊ नको. तुझी बहीण आली आहे."

मोबाइल त्याच्या कानापासून खाली आला. "अंजू?"

"अंजू. रडते आहे. अख्खा तांडा गोळा झालाय."

"रडून राह्यली? काय म्हणून राह्यली?"

"काय म्हणणार? बापाच्या नावानं रडते. तुला पाहिलं तर सगळ्यांसमोर फाडून खाईल. थोडी शांत होऊ दे, मग ये."

तो तांड्याकडं पाहत राहिला. वारा उलटा होता, टेकडीवर आवाज येत नव्हता. त्यानं दोन पावलं टाकली. मी त्याच्या दंडाला धरलं. त्याच्या भल्यासाठी, असं मला मनापासून वाटत होतं. तो टाकीला टेकून खाली बसला. आम्ही तास-दीड तास बसलो. मी सिगारेट ओढली, त्याला एक दिली. तो म्हणाला, "ते आली हेच लय झालं." एवढं एकच वाक्य.

उतरलो तेव्हा बायका पांगल्या होत्या. अंजू गेली होती, परतीच्या बसनं. हरिसिंग ओट्यावर होता, आता हसत नव्हता. भारत आत गेला. मी मोटारसायकलजवळ उभा राहिलो. आतून मानीबाईचा हळू आवाज येत होता, बराच वेळ.

तो परतताना माझ्यामागं बसला नाही. म्हणाला, तुमी जा, मी येतो उद्या. तो तीन दिवसांनी आला. मी दुकानात गेलो तेव्हा मोटार उघडून बसला होता. त्यानं वर न पाहता मला सगळं सांगितलं. ढावलो म्हणजे काय, लग्न, नागपूर, मांडवाचा खांब. आम्ही पाच महिने वाजवलेलं गाणं काय होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग त्यानं अंजूचं सांगितलं. तिनं टीव्ही स्वतः पाहिला होता. खाली लिहिलेलं तिनं वाचलंच नाही, ऐकलं. पहिल्याच ओळीला तिला कळलं की या माझ्या ओळी आहेत. मेलेल्या बापासाठी कोणी लेकीचा ढावलो म्हणत नाही. म्हणजे बाप ठीक आहे, आणि भाऊ मला हाक मारतो आहे. ती सकाळच्या पहिल्या बसनं निघाली. बाभळीपासून जे तिनं धरलं ते मयताचं रडणं नव्हतं. भावाच्या वाट्याचा ढावलो होता, दीड वर्ष राहून गेलेला. तो एकाच्याच गळ्यात पडून म्हणायचा असतो, म्हणून ती आईच्या गळ्यात पडली नाही की बापाच्या नाही. तांड्यातल्या प्रत्येक बाईला ते कळत होतं. पोरं भारतला शोधायला वावराकडं धावली, विहिरीकडं धावली. टेकडीवर कोणी पाहिलं नाही, कारण तिकडं मी मोटारसायकल घेऊन गेलेला त्यांना दिसला होता. त्यांना वाटलं, हा शहरातला पोरगा भारतला आणायलाच गेला. सगळे वाट पाहत राहिले. ती म्हणून म्हणून थकली. हात पुढं केलेले खाली घेतले, आईला म्हणाली, "दोन खेपा झाल्या," आणि पिशवी उचलली.

"मग तू जा ना तिच्याकडं," मी म्हणालो. "आजच जा. मी नेतो."

"गेलतो," तो म्हणाला. "काल. पाणी देलं. कसा आहेस इचारलं. आता बोलते ते, चांगलं बोलते. पाव्हण्याशी बोलते तशी."

मी म्हटलं, "भारत, मला खरंच वाटलं रे, की ती—"

"तुमची चूक नाही, भाऊ," तो म्हणाला. अजूनही वर पाहत नव्हता, तार ओढत होता. "आमची बोली तुमाले येत नाही, त्याचं काही नाही. तुमाले कुठून येईन? पण मी तुमाले इचारलं होतं, काय म्हणून राह्यली. 'मले नाही समजलं' एवढं म्हणले असते, तं मी धावत खाली आलो असतो."